रोजची यादी प्रकल्पातूनच निघावी

रोजची अ-ब-क प्राधान्याची यादी (अ म्हणजे सगळ्यात महत्त्वाचं काम, क म्हणजे सगळ्यात कमी) पुरेशी की प्रकल्पवार नियोजन हवं, असा वाद नेहमी होतो. मला दोन्ही लागतात, पण त्यांचं काम वेगळं आहे. प्रकल्पाची यादी म्हणजे कोठार, त्यातून आजच्यापुरतंच बाहेर काढायचं. सगळी कामं रोजच्या यादीत ओतली की अग्रक्रमाला अर्थच उरत नाही.

खरी अडचण पुढे येते. 'अहवाल पूर्ण करणे' हे काम नाही, तो प्रकल्प आहे. रोजच्या यादीत तो तसाच लिहिला तर दिवसेंदिवस पुढे ढकलला जातो. त्याऐवजी 'मागच्या तिमाहीचे आकडे मागवणे' असं एकदा बसून उरकणारं पाऊल लिहा.

आता अग्रक्रम कसा ठरवायचा? १९५० च्या दशकाच्या अखेरीस मोठ्या प्रकल्पांसाठी 'क्रिटिकल पाथ' पद्धत आली. तिचा गाभा इथेही लागू पडतो: जे काम एक दिवस लांबलं की अख्खा प्रकल्प एक दिवस लांबतो, ते आधी. ज्याला सवड आहे ते दिसायला कितीही मोठं असो, थांबू शकतं. आणि ज्यावर दुसऱ्या कुणाचं काम अडलं आहे ते मी सकाळीच हातावेगळं करतो, कारण समोरच्याचा वेळ आपल्या हातात नसतो.

आठवड्यातून एकदा प्रत्येक प्रकल्प उघडून पुढचं पाऊल लिहिलेलं आहे ना, एवढं तपासा. हे टाळलं तर रोजची यादी फक्त तातडीच्या कामांनी भरते.