मदत हवी आहे: टायफॉइडच्या कॉन्जुगेट लशीची परिणामकारकता नेमकी कोणती मानावी?

नमस्कार. मी गोव्यात सूक्ष्मजीवशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकत असून चतुर्थीच्या सुट्टीनंतर मला टायफॉइडच्या कॉन्जुगेट लशींच्या (म्हणजे जिवाणूची शर्करा प्रथिनाला जोडून बनवलेल्या लशींच्या) विकासावर विभागात सेमिनार द्यायचा आहे. लस घ्यावी की नाही, असा हा प्रश्न नाही. कृपया चर्चा त्या दिशेने नेऊ नये.

मूळ तत्त्व मला समजले आहे. साल्मोनेला टायफी या जिवाणूभोवती 'व्हीआय' नावाच्या बहुशर्करेचे आवरण असते. ही शर्करा शुद्ध करून बनवलेली आधीची लस दोन वर्षांखालील मुलांना देत नाहीत, कारण एकाच घटकाची पुनरावृत्ती असलेली ही लांब साखळी टी पेशींच्या (प्रतिकारयंत्रणेतील मदतनीस पेशींच्या) मदतीविना बी पेशींना (प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशींना) चेतवते. त्यातून स्मृतिपेशी तयार होत नाहीत आणि तान्ह्या बाळांचे शरीर अशा चेतनेला पुरेसा प्रतिसादही देत नाही. तीच शर्करा एखाद्या प्रथिनाला रासायनिक बंधाने जोडली, की बी पेशी ती जोडी आत घेते, प्रथिनाचे तुकडे टी पेशीला दाखवते आणि तिच्या मदतीने शर्करेविरुद्ध टिकाऊ प्रतिपिंडे बनवते. हिमोफिलस इन्फ्लुएंझी बी या जिवाणूविरुद्धच्या एचआयबी लशीत हेच तत्त्व आधी यशस्वी झाले होते.

इतिहासही जुळवला आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत शू, रॉबिन्स आणि श्नीअरसन यांच्या गटाने व्हीआय शर्करा स्यूडोमोनासच्या निर्विष केलेल्या विषप्रथिनाला जोडली. व्हिएतनाममधील डाँग थाप प्रांतात दोन ते पाच वर्षांच्या मुलांवर तिची चाचणी झाली आणि २००१ मध्ये ९१.५ टक्के परिणामकारकता प्रसिद्ध झाली. पुढे भारत बायोटेकने वाहक (म्हणजे शर्करेला जोडायचे प्रथिन) म्हणून टिटॅनस टॉक्सॉइड, म्हणजे टिटॅनसचे निर्विष केलेले विष, वापरले आणि २०१३ मध्ये त्या लशीला भारतात परवाना मिळाला. बायोलॉजिकल ई कंपनीची सीआरएम-१९७ (घटसर्पाच्या विषाचे निर्विष रूप) हे वाहक प्रथिन असलेली लस २०२० मध्ये आली.

अडचण येथून सुरू होते. भारत बायोटेकच्या लशीची क्षेत्रीय (म्हणजे प्रत्यक्ष लोकवस्तीत मोजलेली) परिणामकारकता नेपाळमधील चाचणीतून २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली, ती ८१.६ टक्के होती. मग २०१३ चा परवाना कोणत्या आधारावर दिला गेला? शिवाय २०१७ मध्ये ऑक्सफर्डच्या चाचणीत, जिथे स्वयंसेवकांना मुद्दाम जिवाणू पाजले होते, त्याच लशीची परिणामकारकता ५४.६ टक्के निघाली. सेमिनारमध्ये यांतला कोणता आकडा मांडणे योग्य ठरेल? आमचे सर हा प्रश्न विचारल्याशिवाय राहणार नाहीत.

प्रतिसाद १

मी हैदराबादला लसनिर्मितीच्या गुणनियंत्रण विभागात काही वर्षे काम केले आहे.

परवाना प्रतिपिंडांच्या आधारावर दिला गेला. दोन ते पंचेचाळीस वयोगटात कॉन्जुगेट लशीची तुलना साध्या व्हीआय लशीशी केली गेली. साध्या लशीचे संरक्षण क्षेत्रीय चाचण्यांत आधीच सिद्ध झाले असल्यामुळे, तिच्याइतकी किंवा तिच्याहून जास्त प्रतिपिंडे निर्माण करणारी लस संरक्षण देईल, हे अनुमान वाजवी होते. प्रत्यक्षात प्रतिपिंडांचे सरासरी प्रमाण तिपटीहून अधिक आले. सहा महिन्यांपासूनच्या बाळांमध्ये मात्र तुलनेसाठी लसच उपलब्ध नव्हती, म्हणून तिथे केवळ प्रतिसाद मोजला गेला. हा दुवा तुलनेने कच्चा होता, असे माझे मत आहे, आणि त्यामुळेच नंतरच्या क्षेत्रीय चाचण्यांना महत्त्व आले. बायोलॉजिकल ईच्या लशीची तुलना पुढे याच परवानाप्राप्त कॉन्जुगेट लशीशी झाली.

ऑक्सफर्डचा आकडा पाहताना 'आजारी' कोणाला म्हटले आहे, ते आधी पाहावे. त्या चाचणीत बारा तास टिकणारा ३८ अंशांचा ताप किंवा रक्तात जिवाणू, यांपैकी एक गोष्ट आढळली तरी टायफॉइड धरला जात होता, आणि रक्ततपासणी दररोज होत होती. ताप येऊन नंतर रक्तात जिवाणू सापडणे, ही दवाखान्यातील परिस्थितीला जवळची व्याख्या लावली, तेव्हा त्याच स्वयंसेवकांमध्ये परिणामकारकता ८७.१ टक्के निघाली. दोन्ही आकडे शेजारी ठेवा, एकटा ५४.६ टक्के मांडलात, तर श्रोत्यांची दिशाभूल होईल.

जाता जाता एक सूचना. सेमिनारमध्ये गुणनियंत्रणाला एक तरी स्लाइड द्या. व्हीआय शर्करेवरील ओ-ॲसिटिल हे रासायनिक गट निघून गेले तर लशीची प्रतिकार चेतवण्याची क्षमता घटते, आणि प्रथिनापासून सुटलेल्या शर्करेचे प्रमाण वाढले तर लस हळूहळू जुन्या लशीसारखी वागू लागते; त्यामुळे प्रत्येक बॅचमध्ये या दोन्ही गोष्टी मोजाव्या लागतात. विद्यार्थी हा भाग नेहमी गाळतात.

प्रतिसाद २

मी म्हापशात बालरोगतज्ज्ञ आहे. वरील उत्तराशी सहमत असून दोन गोष्टींची भर घालतो. एक, टायफॉइडसारखाच पॅराटायफॉइड ताप आणणाऱ्या पॅराटायफी ए या जिवाणूला व्हीआय आवरणच नसते, त्यामुळे ही लस पॅराटायफॉइडपासून संरक्षण देत नाही. लस घेतलेल्या मुलाला असा ताप आला की पालक लस वाया गेली असे समजतात. दोन, विडाल चाचणी (टायफॉइडसाठी केली जाणारी रक्ततपासणी) जिवाणूच्या ओ आणि एच या इतर घटकांविरुद्धची (प्रतिजनांविरुद्धची) प्रतिपिंडे पाहते, व्हीआयविरुद्धची नव्हे. म्हणून ती चाचणी सकारात्मक आली म्हणजे लस निकामी ठरली, असा निष्कर्ष काढू नये. लशीच्या चाचण्यांमध्ये रक्तसंवर्धनाचाच, म्हणजे रक्तातील जिवाणू वाढवून पाहण्याचाच, निकष ठेवला जातो.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. आता आकड्यांचा तक्ता करताना चाचणीची व्याख्या आणि वयोगट, असे दोन स्वतंत्र रकाने ठेवतो. एक उपप्रश्न उरतो: हे संरक्षण किती काळ टिकते?

प्रतिसाद १

मग तिसरा रकाना कालावधीचा ठेवा. मलावीत चार वर्षांहून अधिक काळच्या पाठपुराव्यात परिणामकारकता ७८.३ टक्के राहिली. बांगलादेशात मात्र तीन ते पाच वर्षांनंतर ती सुमारे निम्म्यावर आली, आणि घट सर्वांत लहान वयात लस घेतलेल्यांमध्ये अधिक होती. शाळेत जाण्याच्या वयात वर्धक मात्रा द्यावी का, ही चर्चा त्यातूनच सुरू झाली आहे. सर पुढचा प्रश्न बहुधा यावरच विचारतील.