घरच्या घरी मातीकाम सुरू करता येईल का? (सोलापूर)

शांत_दुपार:
मी जुळे सोलापुरात राहते, वय २९. दिवसभर फोनवर ग्राहकांशी बोलायचं काम. कुणी आवाज चढवला की ते रात्रीपर्यंत डोक्यातून जात नाही. घरी आल्यावर तासभर बोलावंसंच वाटत नाही, आईला वाटतं मी रुसलेय. मागच्या महिन्यात माठ घ्यायला गेले, तिथं एक आजोबा चाकावर बसले होते. मी वीस मिनिटं नुसती बघत उभी होते. तेव्हापासून मातीकाम मनात घोळतंय. पण वर्गात दहा जणांसमोर चुकायचं, या विचारानंच पोटात गोळा येतो. घरी जमेल का? चाक लागेलच का?

पूर्वभागातला:
ताई, चाक लागत नाही. मी सहा वर्षं मातीत हात घालतोय, पहिली दोन चाकाशिवायच गेली. आमच्या घराच्या दोन्ही बाजूंना यंत्रमाग, खटखट जन्मापासून कानात. मी लहानपणापासून अबोल. वडील गेल्यावर तर दिवस दिवस तोंडातून शब्द निघायचा नाही. तेव्हा ओळखीच्या एका कुंभारकाकांनी काही न विचारता मळलेला गोळा हातात दिला. “यात अंगठा घाल,” एवढंच म्हणाले.

तुम्हीही तेच करा. मोसंबीएवढा गोळा तळहातात धरा, मधोमध अंगठा घाला आणि फिरवत फिरवत भिंत चिमटीत पातळ करत जा. वाटी होते. मी पुष्कळदा डोळे मिटून करतो, भिंत कुठं जाड राहिली ते बोटांना आधी कळतं. आणि दोन्ही हात चिखलाचे असले की फोन उचलता येत नाही. मला हे फार मोलाचं वाटतं.

शेतातली काळी माती मात्र आणू नका. ती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आक्रसते, उन्हाळ्यात रानात भेगा पडतात त्या त्यामुळेच. कुंभाराकडूनच मळलेली माती मागा. ते लीद, राख मिसळतात, म्हणून ती कमी तडकते.

आपलं ऊन सांभाळा. पहिल्या एप्रिलमध्ये मी २१ वाट्या गच्चीवर ठेवल्या, संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या काठाला चिरा. काठ पातळ, तो आधी वाळतो, बूड ओलंच राहतं आणि ओढाताण होते. आता खोलीच्या कोपऱ्यात, फडक्याखाली, सावकाश वाळवतो. त्या २१ वाट्या बादलीत टाकल्या, दुसऱ्या दिवशी सगळ्यांचा परत चिखल! न भाजलेली माती कितीही वेळा विरघळते. साधारण ६०० अंश सेल्सिअसच्या पुढं तापली की मग मागे येत नाही. माझी एखादी चूक झाली की ती आठवडाभर मला कुरतडायची. त्या बादलीत हात घालून ढवळताना मी कितीतरी दिवसांनी रडलो, आणि बरं वाटलं.

वाळलेली माती झाडू नका, ओल्या फडक्यानं पुसा, ती धूळ फुप्फुसांना वाईट. बेसिनमध्येही ओतू नका, पाइप तुंबतो.

रात्रपाळी_नर्स:
अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाचा २०१६चा एक छोटा अभ्यास आहे. ३९ जणांना ४५ मिनिटं माती, रंगीत पेनं, कोलाज यांतलं हवं ते करू दिलं. सुमारे तीन चतुर्थांश जणांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, उतरलं. आधी कला येत होती की नव्हती, याने फारसा फरक पडला नाही. उरलेल्यांचं उतरलं नाही, हेही लक्षात ठेवा. झोप उडाली, जेवण जाईना, असं दोन आठवडे चाललं तर मातीवर विसंबू नका. १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी मदतसेवेच्या, क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

गड्ड्याची_वाट:
बाळा, आपल्या गड्ड्याच्या यात्रेत, म्हणजे ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या संक्रांतीच्या जत्रेत, अक्षता पडतात त्या कुंभारकन्येच्या लग्नाच्या. तिनं सिद्धरामेश्वरांना वरलं आणि त्यांनी योगदंडाशी विवाह लावून दिला, अशी कथा. मला दर संक्रांतीला वाटतं, ती पोर घरी चाकापाशी गप्प बसत असेल. सवड झाली की तेरला जाऊन ये. गोरोबाकाकांचं, म्हणजे संत गोरा कुंभारांचं गाव, आणि तिथल्या लामतुरे संग्रहालयात सातवाहन काळातल्या मातीच्या मूर्ती आहेत. दुपारी निवांत बघता येतात.

शांत_दुपार:
सगळ्यांचे आभार. काल त्या आजोबांकडून दोन किलो माती आणली, पैसे घेईनात, बळंच दिले. पहिली वाटी वाकडी झाली, तशीच फडक्याखाली ठेवलीय. आई शेजारी बसून शेंगा सोलत होती, तासभर आम्ही दोघी काही बोललो नाही. दादा, उरलेला गोळा ओलसर राहावा म्हणून पिशवीत बांधून ठेवू की डब्यात?