मानसेवी विश्वस्ताच्या घरादारावर देवस्थानच्या नुकसानीचा बोजा येऊ शकतो का?

नवखा खजिनदार (प्रश्न)

नमस्कार. आमच्या ग्रामदैवताचे देवस्थान सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेले आहे. विश्वस्त नऊ आणि सगळे मानसेवी. तालुक्याला जाण्यायेण्याचे पेट्रोलसुद्धा आम्ही पदरचे घालतो. आधीच्या मंडळाने सभामंडपासाठी जमलेले ८ लाख रुपये, बँकेपेक्षा व्याज जास्त मिळते म्हणून, एका पतसंस्थेत मुदत ठेवीत ठेवले होते. चौदा महिन्यांपूर्वी मी खजिनदार झालो. त्यानंतर ठेवीची मुदत संपली, तेव्हा पतसंस्थेच्या व्यवस्थापकांनी गळ घातल्यावरून अध्यक्षांनी व मी पावतीच्या मागे सह्या करून ती आणखी एका वर्षासाठी वाढवली. आता पतसंस्था पैसे परत करत नाही. एका ग्रामस्थाने धर्मादाय कार्यालयात तक्रार केली असून जुन्या-नव्या अशा तेरा जणांना नोटिसा आल्या आहेत.

माझे दोन प्रश्न आहेत. एक छदामही न घेता काम करणाऱ्या विश्वस्ताकडून ही रक्कम वैयक्तिकरीत्या वसूल होऊ शकते का? आणि चेंज रिपोर्ट (विश्वस्त बदलल्याचा धर्मादाय कार्यालयाला द्यायचा अहवाल) अद्याप मंजूर न झाल्याने परिशिष्ट एकवर, म्हणजे न्यासाच्या सरकारी नोंदीवर, माझे नावच नाही, हा बचाव होऊ शकतो का?

न्यासविषयक वकील

आपला दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण त्याचे उत्तर आपल्याला आवडणार नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० मधील ‘विश्वस्त’ या संज्ञेत व्यवस्थापकही येतो आणि जो प्रत्यक्षात न्यासाच्या मालमत्तेचा कारभार पाहतो तो व्यवस्थापक. ज्याची सही बँकेत चालते आणि दानपेटीची किल्ली ज्याच्या कमरेला असते, त्याला ‘माझे नाव अजून चढलेले नाही’ असे म्हणून सुटता येत नाही. बदल घडल्यापासून ९० दिवसांत कलम २२ खाली अहवाल द्यावा लागतो; तो वेळेत दिला होता का, हेही तपासून घ्या. जुन्या मंडळींची अडचण नेमकी उलटी आहे : कारभार सोडला तरी त्यांची नावे कागदावर आहेतच.

आता रकमेविषयी. कलम ३५ प्रमाणे न्यासाची शिल्लक रक्कम अनुसूचित बँकेत, टपाल बचत बँकेत, शासनाने त्यासाठी मान्य केलेल्या सहकारी बँकेत किंवा सरकारी रोख्यांत ठेवावी लागते. अन्यत्र ठेवायची तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी हवी. पतसंस्था या यादीत बसत नाही. ठेव बुडाली आणि ती विश्वस्ताच्या घोर हलगर्जीपणामुळे किंवा विश्वासभंगामुळे बुडाली असे चौकशीत ठरले, तर कलम ४० व ४१ खाली नुकसानीची रक्कम निश्चित करून जबाबदार व्यक्तीवर अधिभार, म्हणजे ती रक्कम भरून देण्याचा बोजा, बसवता येतो. तो स्वतःच्या मिळकतीतून भरायचा असतो, देवस्थानच्या तिजोरीतून नव्हे. अधिनियमात मानसेवी विश्वस्तासाठी निराळी सवलत नाही. मात्र पद आहे एवढ्यावरून अधिभार बसत नाही. प्रत्येकाची स्वतःची चूक दाखवावी लागते. आपल्या बाबतीत दुखणे आहे ते पावतीमागच्या सहीत. मूळ ठेव आपण ठेवलेली नाही, पण मुदतवाढ हा आपला स्वतंत्र निर्णय धरला जाईल.

आपण १८८२ च्या भारतीय न्यास अधिनियमाचा आधार घेऊ नये, असेही सुचवतो. तो खासगी न्यासांसाठी आहे, तरीही सहविश्वस्ताच्या चुकीबद्दलचे त्यातील कलम देवस्थानांच्या खुलाशांत हमखास सापडते.

निवृत्त चिटणीस

वकीलसाहेबांशी सहमत आहे. आमच्याकडे जीर्णोद्धारासाठी कर्ज काढण्याचा ठराव आला, तेव्हा धर्मादाय आयुक्तांच्या मंजुरीशिवाय न्यासाला कर्ज घेता येत नाही असे मी सभेत सांगितले. सर्वांनी मला वेड्यात काढले. मी इतिवृत्तात दोन ओळींचे भिन्नमत स्वतःच्या अक्षरात लिहिले, खाली सही केली आणि त्या पानाची झेरॉक्स घरी ठेवली. पुढे चौकशीत इतरांचे दोन-दोन तास जबाब झाले. माझे काम ते पान पाहून दहा मिनिटांत संपले. आमच्याकडे विरोध पारावर करायचा आणि सभेत हात वर करायचा, अशी रीत आहे. पारावरचे बोलणे चौकशीत कोणी विचारत नाही.

आपण लेखापरीक्षण अहवाल वाचले आहेत का? नियमबाह्य गुंतवणूक दिसल्यास तिचा उल्लेख करणे हे लेखापरीक्षकाचे कामच असते.

इंदूरकर

चर्चा पैशांपुरती चालली आहे, म्हणून फौजदारी बाजूही नोंदवतो. ३० मार्च २०२३ रोजी रामनवमीला आमच्या इंदुरातील बेलेश्वर महादेव मंदिरात जुन्या बारवेवर घातलेली स्लॅब खचली आणि ३६ भाविकांचा जीव गेला. बांधकामाबद्दल महापालिकेने आधी नोटीस दिलेली होती. सदोष मनुष्यवधाचा गुन्हा नोंदला गेला तो न्यासाच्या अध्यक्ष व सचिवांवर. केरळात पुट्टिंगल मंदिराच्या दारूकामाला प्रशासनाने परवानगी नाकारलेली असताना ते झाले. १० एप्रिल २०१६ च्या त्या स्फोटात शंभराहून अधिक माणसे गेली आणि देवस्थान समितीच्या पदाधिकाऱ्यांना अटक झाली. गुन्हा पुढे शाबीत होवो वा न होवो, आधी नाव येते ते पदाधिकाऱ्यांचे. आणि अशा प्रकरणात आधीची नोटीस किंवा नकाराचे पत्र फाइलला असेल, तर ‘आम्हाला कल्पना नव्हती’ हे कोणाला पटणार?

नवखा खजिनदार

सर्वांचे आभार. अहवाल काढून पाहिले. लेखापरीक्षकांनी सलग दोन वर्षे या ठेवीवर शेरा मारलेला आहे. सभेत तो कधी वाचलाच गेला नाही. अहवाल पाकिटासकट कपाटात होते. नोटिशीला तेरा जणांनी मिळून एकच उत्तर द्यावे, असे अध्यक्षांचे म्हणणे आहे.

न्यासविषयक वकील

एकत्र उत्तर देऊ नका. मूळ ठेव ठेवणारे, मुदतवाढीवर सही करणारे आणि केवळ सभेला हजर असणारे, या तिघांची बाजू एक नाही. एका कागदावर सही केलीत तर सगळ्यांची चूक आपली होते. स्वतंत्र खुलाशात मुदतवाढीची तारीख, ते शेरे आपल्या हाती केव्हा आले आणि त्यानंतर आपण काय केले, हे खरेखुरे लिहा. वसुलीचा दावा याच आठवड्यात लावण्याचा ठराव मांडा, पतसंस्थेवर अवसायक (बुडालेल्या संस्थेची देणीघेणी मिटवणारा अधिकारी) नेमला गेला असल्यास त्याच्याकडे मागणी नोंदवा आणि त्याची पोच खुलाशाला जोडा. ठेवीची मूळ पावती मात्र कोणाच्याही हाती देऊ नका. दाखवायची तर साक्षांकित प्रत दाखवा.