रेट्रो मॅस्कॉट काढायचाय पण सगळं एकसारखंच दिसतंय, जुनं नेमकं काय बघायचं?

कोकणी_पिक्सेल

मंडळी एक सल्ला हवाय. कोकम सरबताच्या पॅकेजिंगचं काम आलंय, सिंधुदुर्गातला छोटा घरगुती धंदा आहे, काचेची बाटली आणि ब्राऊन कागदाचं लेबल, बजेट यथातथाच. क्लायंटला "रेट्रो मॅस्कॉट" पाहिजे, म्हणजे ब्रँडचा चेहरा होईल असं जुन्या वळणाचं पात्र, पण नेमकं कसं ते त्यालाही सांगता येत नाहीये. मी नेहमीसारखं पिंटरेस्ट उघडलं आणि एक कोकमाचं फळ काढलं, नळीसारखे हातपाय, पांढरे हातमोजे, डोळ्याच्या काळ्या गोळ्यात तिकोनी खाच आणि एक डोळा मारतंय. वर थोडा ग्रेन टाकला, म्हणजे जुन्या छपाईसारखा खरखरीतपणा, कडा झिजवल्या. दिसायला गोड आहे, पण बायकोने बघितलं आणि म्हणाली हे आपल्या कोपऱ्यावरच्या बर्गरवाल्याचं ना? तिचं काही चुकलं नाही, अर्ध्या पुण्यातल्या कॅफेंचे लोगो सध्या असेच आहेत.

तर प्रश्न असा की जुन्या चित्रांवरून, जुन्या मॅस्कॉटवरून इन्स्पिरेशन घ्यायचं म्हणजे नक्की काय घ्यायचं? आणि आपल्याकडचं जुनं काय बघू? लिंक नकोत, नावं आणि कारणं सांगा.

शाईचा_डाग

तू जे काढलंयस त्याला रबर होज म्हणतात, अमेरिकेतल्या १९२०-३० च्या कार्टूनांची पद्धत. त्यातली जवळपास प्रत्येक गोष्ट कुठल्या ना कुठल्या अडचणीतून आलेली आहे. हाताला कोपर नाही, कारण ढीगभर चित्रं एकेक करून हाताने काढायची असायची आणि त्यात नळी वाकवणं सोपं. मोजे पांढरे कारण सिनेमा ब्लॅक अँड व्हाईट, काळ्या अंगापुढे काळा हात आला की दिसायचाच बंद. आता तुझं कोकम लाल, लेबल रंगीत, ते जागचं हलणारही नाही, मग मोजे कशाला घातलेस त्याला, सिंधुदुर्गात थंडी पडलीये का :)

आपल्याकडचं बघ ना. अमूलची मुलगी १९६६ ची, सिल्व्हेस्टर डाकुन्हा यांची कल्पना आणि चित्र युस्टेस फर्नांडिस यांचं. तिला नाक नाही हे कधी नीट बघितलंयस? तेव्हा होर्डिंग हाताने रंगवायचे आणि सारखे बदलायचे असायचे, म्हणून काढायला सोपी पाहिजे ही अटच होती. निळे केस, त्यांना रिबीन, ठिपक्यांचा फ्रॉक, गाल, संपलं. पेंटर कोणीही असो, शिडीवर चढून रंगवली की मुलगी तीच दिसते.

एशियन पेंट्सचा गट्टू १९५४ चा, आर. के. लक्ष्मण यांनी काढलेला, हातात ब्रश आणि रंगाचा डबा. त्याचं नाव लोकांकडून स्पर्धा घेऊन मागवलं होतं, बक्षीस ५०० रुपये, जे तेव्हा चांगलेच होते. २००२ मध्ये कंपनीने त्याला घरी बसवला. एअर इंडियाचा महाराजा त्याच्याही आधीचा, १९४६. बॉबी कुका यांचं डोकं आणि जे. वॉल्टर थॉम्पसनमधले चित्रकार उमेश राव यांचा हात. तो सुरुवातीला विमानात प्रवाशांना द्यायच्या मेमो पॅडसाठी केला होता, पुढे जगभर फिरला.

हे तिघं शेजारी ठेवून बघ. रेघ वेगळी, रंग वेगळे, स्टाईल म्हणून काही जुळत नाही. पण तिघांना स्वभाव आहे. महाराजा वाकून नमस्कार करतो आणि तरी खट्याळ वाटतो, गट्टू कामाचा कमी आणि उपद्व्यापाचा जास्त, अमूलवाली तर पक्की आगाऊ. तुझं कोकम डोळा मारतं. का मारतं?

जुना_छापखाना

वरचं सगळं पटलं, मी छपाईच्या बाजूने थोडं सांगतो. वडिलांचं ट्रेडल मशीन होतं, लग्नपत्रिका आणि उदबत्तीची लेबलं, मी आता स्क्रीन प्रिंटिंग करतो.

जुन्या लेबलांवर दोन-तीनच रंग का असतात? कारण प्रत्येक रंगाचा ब्लॉक वेगळा, प्रत्येक रंगाला कागद पुन्हा मशीनवर घालायचा, शाई वाळायची वाट बघायची, आणि गिऱ्हाईक प्रत्येक वेळी पैसे मोजायचं. म्हणून आर्टिस्ट लोक पिवळ्यावर लाल चढवून फुकटात नारिंगी काढायचे. दुसऱ्यांदा कागद घातला की रंग थोडा सरकायचाच, त्याला इलाज नव्हता, मग वरून जाड काळी रेघ मारायची म्हणजे सरकलेलं तिच्याखाली झाकलं जातं. ती जाड रेघ बघून आज लोक म्हणतात व्वा काय रेट्रो आहे! अहो ती लाज झाकायला होती.

आणि आता काय होतं, चार रंगात डिजिटल प्रिंट काढायचं आणि त्यावर फोटोशॉपमधून खोटे डाग, खोटी घडी, खोटा सरकलेला रंग. असा कागद हातात आला असता तर माझ्या वडिलांनी तो वेस्टेजमध्ये टाकला असता. माझं स्पष्ट मत आहे की ग्रेनचा लेयर पहिला डिलीट कर.

त्यापेक्षा खरोखर दोन शाईत काम कर. ब्राऊन कागद आहेच, तो तुझा तिसरा रंग, फुकटचा. पांढरा वापरू नकोस, ब्राऊनवर पांढरं नीट उठायला वेगळा हात मारावा लागतो आणि खर्च वाढतो. म्हणजे मोजे तसेही गेले. फाईलमध्ये दोनच स्पॉट कलर ठेव, म्हणजे आधीच मिसळून तयार केलेल्या दोन शाया, जिथे एकावर एक येणार तिथे ओव्हरप्रिंट लाव, म्हणजे खालचा रंग न कापता वरचा त्यावरच छापला जाईल, मग खरी छपाई स्वतःच जी गंमत करेल ती करेल. आणि मॅस्कॉट एकाच रंगात, २ सेंटिमीटर उंचीत प्रिंट काढून भिंतीला लाव, लांबून बघ. ओळखू येत नसेल तर रेघा कमी कर.

मधली_आळी

रेट्रो बास झालं आता खरंच. आणि एक हात जोडून विनंती, नथ घातलेली हसरी आजी काढू नकोस. लोणचं आजी, पापड आजी, मसाला आजी, सगळ्या आज्या एकाच स्टॉक साईटवरून आलेल्या आहेत आणि एकीच्याही हाताला तिखट लागलेलं नाही.

रद्दीवाला_आप्पा

मधली आळी 😂

कोकणी_पिक्सेल, पिंटरेस्ट बंद कर आणि जुने दिवाळी अंक मिळव. रद्दीत, जुन्या पुस्तकवाल्यांकडे, गावच्या वाचनालयाच्या माळ्यावर मिळतात अजून. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर या दोघांची मुखपृष्ठं शेजारी ठेवून बघायला घे, दोघेही मूळचे गोव्याचे. मुळगावकरांचं ते स्प्रेचं काम, गुळगुळीत कांती, देव असो नाहीतर नायिका, कॅलेंडरवर लावली की घर उजळायचं. डोळ्यांना सुख आहे, पण तुझ्या दोन रंगांत ते बसणार नाही, त्यातली मजाच त्या हळूहळू फिरणाऱ्या छटांमध्ये आहे. दलाल मात्र तुझ्या कामाचे. त्यांच्या कितीतरी चित्रांत रंगाचे सपाट तुकडे आणि त्यांना बांधून ठेवणारी एक रेघ असते, मान कशी वळलीये ते एका रेघेत कळतं. एखादं चित्र ट्रेसिंग पेपर ठेवून गिरव, विकायला नाही, हाताला कळायला.

आणि व्यंगचित्रकार शि. द. फडणीस! मोहिनी मासिकाचं ते मुखपृष्ठ आठवतं का, तरुणीच्या साडीवर उंदीर आणि तरुणाच्या शर्टावर मांजरं. एक शब्द नाही. तुम्ही डिझायनर लोक ज्याला पॅटर्न म्हणता आणि बॅकग्राऊंडला टाकून मोकळे होता, तोच पॅटर्न तिथे विनोद करतोय. मॅस्कॉटच्या कपड्यावर काय आहे हासुद्धा गोष्टीचा भाग होऊ शकतो एवढंच सांगायचंय.

अजून मागे जायचं असेल तर चित्रकार राजा रविवर्मांची रविवर्मा प्रेस, १८९४ ला मुंबईत सुरू झाली, नंतर मळवलीला गेली. लोकांना त्यांच्या देवादिकांच्या तसबिरी माहीत असतात पण तिथे लेबलंही छापली जायची. त्या काळातली कापडाच्या ताग्यांवरची, काड्यापेट्यांवरची लेबलं जिथे मिळतील तिथे बघ. एवढ्याशा जागेत वाघ, हत्ती, राणी, चौकट, अक्षरं सगळं बसवलेलं असतं आणि गर्दी वाटत नाही.

लेटरिंग_वेडा

चित्राबद्दल सगळे बोलले, अक्षराबद्दल कोणीच नाही, नेहमीचंच आहे. मॅस्कॉट १९६० चा आणि खाली नाव मंगल फॉन्टमध्ये असं किती वेळा बघायचं? मंगलला नावं ठेवत नाहीये, र. कृ. जोशींसारख्या मोठ्या अक्षरकाराचं काम आहे ते, पण स्क्रीनवर वाचायला केलेलं, बाटलीवर मिरवायला नाही.

दुसरी चूक म्हणजे इंग्रजी रेट्रो फॉन्ट बघून त्याच वळणाने देवनागरी काढायची. बोरूचं टोक कापायची तिरकस बाजूच वेगळी असते, त्यामुळे आपल्या अक्षरात जाड कुठे आणि बारीक कुठे हे रोमनच्या बरोब्बर उलट पडतं. ते उलट केलंस की अक्षर वाचता येतं पण परकं वाटतं, का ते बघणाऱ्याला सांगता येत नाही. कमल शेडगे यांची नाटकांच्या जाहिरातींमधली अक्षरं बघ, पेपरात एवढीशी जागा, काळा-पांढरा रंग, आणि तरी नाव वाचूनच कळायचं की फार्स आहे का रडारड आहे. "कोकम" मध्ये दोन क आहेत, त्यांच्या पोटात काय काय करता येईल बघ जरा. आणि हातानेच काढ, पाच-सहा अक्षरांसाठी फॉन्ट कशाला हवाय.

कोकणी_पिक्सेल

बाप रे, एवढं येईल वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. अपडेट देतो.

मोजे गेले, ग्रेन गेला. शाईचा_डाग ताई (ताई का दादा माहीत नाही, चूक झाली तर माफी), तुमच्या "का मारतं" ने झोप उडवली. मग विचार केला कोकमाला आगाऊपणाने चिकटणारं कोण, तर माकड. झाडावर बसलेलं, तोंड लाल झालेलं. मस्त स्केच झालं होतं. क्लायंटला पाठवलं तर त्याचा फोन, "अहो त्यांनी अर्धी बाग खाल्ली यंदा, त्यांनाच लेबलवर बसवू?" विषय संपला.

आता एक पोरगं काढलंय. आठ-नऊ वर्षांचं, हाफ चड्डी, सदरा, हात मागे लपवलेले, चेहरा एकदम साळसूद, आणि तोंडाभोवती, सदऱ्यावर, गुडघ्यावर लाल डाग. कोकमाचा डाग धुतला तरी जात नाही हे कोकणातल्या प्रत्येक आईला माहितीये. पोरगं सगळं काळ्या रेघेत, आणि लाल शाई फक्त डागांना आणि नावाला. दोन शाईत झालं काम. आप्पा, सदऱ्यावरचे डाग हाच पॅटर्न, तुमच्या उंदीर-मांजरावरूनच सुचलं.

एक शंका, पोरगं जरा गट्टूसारखं वाटतंय का? कायद्याचं काही लफडं नको.

शाईचा_डाग

दादा. असो, ताई चालेल :)

खट्याळ पोरगं काढायला कोणाची परवानगी लागत नाही, पण हातात ब्रश-डबा दिलास किंवा चेहऱ्याचं वळण तेच ठेवलंस तर अवघड होईल. मॅस्कॉट ट्रेडमार्क असतो, आणि ट्रेडमार्क दर १० वर्षांनी रिन्यू करत कितीही चालवता येतो, निवृत्त मॅस्कॉट म्हणजे मोकळा मॅस्कॉट असं धरून चालू नकोस. कॉपीराईट त्याहून वेगळा, आपल्याकडे चित्रकार गेल्यानंतर ६० वर्षं. रविवर्मा १९०६ ला गेले, ती मूळ चित्रं मोकळी आहेत. दलाल १९७१ ला गेले म्हणजे २०३१ संपेपर्यंत थांबायचं, मुळगावकर १९७६, म्हणजे २०३६. आप्पांनी सांगितलंय तसं गिरवायला हरकत नाही, लेबलवर चिकटवायला आहे.

तुझ्या पोराचे केस बारीक काप, अगदी शाळेच्या आदल्या दिवशी न्हाव्याकडे बसवल्यासारखे. गट्टूपासून लांब जाईल आणि २ सेंटिमीटरमध्ये दिसेलही चांगला.

जुना_छापखाना

डागाची कल्पना फर्स्ट क्लास, आणि छापायलाही सोपी, कारण डाग मुळातच रेघेबाहेर जातो. लाल थोडा सरकला तरी कोणाच्या बापाला कळणार नाही. नाव मात्र लालमध्ये घेतोयस तर त्याला काळी बॉर्डर देऊ नकोस, तिथे सरकलेलं लगेच दिसेल.

पण एक राहिलं तुझं. व्हेजचा हिरवा ठिपका! चौकोन आणि आतला ठिपका हिरवाच पाहिजे, काळा-लाल करून चालत नाही. म्हणजे काळी, लाल आणि एवढ्याशा टिकलीसाठी तिसरी शाई.

कोकणी_पिक्सेल

अरे देवा. ठिपक्याचा वेगळा स्टिकर लावू का?

जुना_छापखाना

हजार बाटल्यांवर हजार ठिपके कोण चिकटवत बसणार, तुझा क्लायंट? काळी काढून टाक. गडद हिरवी घे, पोराची रेघ, चड्डी, मागचा एफएसएसएआयचा (अन्न परवान्याचा) नंबर आणि ठिपका सगळं तिच्यातच. ब्राऊन कागदावर गडद हिरवी रेघ काळ्याच्या जवळच जाते, पण ठिपका बघितला की हिरवा कळला पाहिजे एवढी खुली ठेव. आणि चड्डीवर लाल डाग पडला की तिथे दोन्ही मिळून आपोआप काळपट चॉकलेटी होईल, वाळलेल्या कोकमाचाच रंग. फक्त बारीक रेघ दोन शाईत मिळून काढायला जाऊ नकोस, डबल दिसेल. शाई शेडकार्डावर बघून ठरवू नकोस, त्याच ब्राऊन कागदाचा तुकडा प्रेसला दे आणि त्यावर पट्टा ओढून माग.