मदत हवी आहे: श्रीलंकेचं वनस्पती तूप नेमकं कुणाच्या फायद्याचं?

नमस्कार मंडळी, एम.ए. अर्थशास्त्राच्या सेमिनारसाठी भारत-श्रीलंका मुक्त व्यापार करार घेतलाय. करार 1998 च्या डिसेंबरात झाला, 1 मार्च 2000 पासून लागू. सुरुवातीची काही वर्षं श्रीलंकेची भारतातली निर्यात झपाट्याने वाढली, हे वाचून मी खूश. पण आत शिरले आणि घोळ झाला.

वाढीतला मोठा वाटा वनस्पती तूप आणि तांब्याचा! श्रीलंकेत ना तांब्याच्या खाणी, ना तुपाला पुरेल एवढं स्वतःचं पामतेल. तेव्हा तिथे कच्च्या मालावर आयात शुल्क कमी होतं, आपल्याकडे जास्त. मग काही भारतीय उद्योजकांनीच तिकडे कारखाने टाकले आणि माल बिनशुल्क इकडे आणला. इथले उत्पादक ओरडल्यावर तुपाला वर्षाला अडीच लाख टनांची मर्यादा आली. 35 टक्के स्थानिक मूल्यवर्धनाची (म्हणजे मालाच्या किमतीतला तेवढा वाटा श्रीलंकेतच तयार झालेला असण्याची) अट आधीपासून होतीच की, मग ती कुठे कमी पडली? मिरीचंही तेच रडगाणं केरळचे शेतकरी गातात.

माझी अडचण अशी: या आकड्यांत खरी व्यापारनिर्मिती (म्हणजे शुल्क हटल्यावर महाग देशी मालाऐवजी तिकडचा खरोखर स्वस्त माल येणं) किती आणि नुसती शुल्क वाचवायची पळवाट किती, हे वेगळं कसं काढायचं? ही दोन उत्पादनं वगळून आलेख काढला तर चालेल, की सर म्हणतील सोयीचे आकडे निवडले? कुणी असं काम केलं असेल तर पद्धत सांगा. सोप्या मराठीत सांगितलंत तर उपकार होतील, गणित माझं बेताचंच आहे.