मदत हवी आहे: आरटीएक्स ३०७० ग्राफिक्स कार्डावरून थेट ५०८० घ्यावं का? बजेट सव्वा लाख

रात्रपाळी

नमस्कार मंडळी,

ग्राफिक्स कार्डाबद्दल सल्ला हवा आहे. लिहिणं थोडं लांबलंय, पण अर्धवट माहितीवर सल्ला मागण्यात अर्थ नाही म्हणून सगळं सांगतो.

पीसी २०२१ च्या सुरुवातीला जुळवला. रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, ८-८ जीबीच्या दोन डीडीआर४ रॅम, आरटीएक्स ३०७० आणि ६५० वॅटचा गोल्ड रेटिंगचा पॉवर सप्लाय. तेव्हा मायनिंगमुळे कार्डांची मारामार होती, त्यामुळे ३०७० ला छापील किमतीपेक्षा बरेच जास्त मोजावे लागले होते. मॉनिटर २७ इंची, १४४०पी, १६५ हर्ट्झ. तो बदलायचा नाही.

मी नाशिकला असतो, नोकरी एमआयडीसीत. मुलगी झोपली की साडेदहा ते साडेबारा हा माझा वेळ. ऑनलाइन मारामारीचे गेम खेळत नाही. एकच मोठा गेम घेतो आणि दोन-तीन महिने त्यातल्या गल्लीबोळांतून हिंडतो. सध्या सायबरपंक २०७७ दुसऱ्यांदा चालू आहे आणि इंडियाना जोन्सचा ग्रेट सर्कल अर्ध्यावर आहे.

अडचण अशी की सायबरपंकमध्ये बाजारात, गर्दीत शिरलं की गेम अडखळतो. एफपीएसचा (सेकंदाला किती फ्रेम) आकडा ७० च्या पुढे दिसतो, पण मान वळवली की झटका बसतो. इंडियाना जोन्समध्ये वेगळाच प्रकार: पहिली दहा मिनिटं छान, मग एखाद्या दालनात पाऊल टाकलं की अर्धा सेकंद सगळं थिजतं. शिवाय सायबरपंक मला एकदा पाथ ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा मार्ग मोजून उजेड-सावली काढणारी पद्धत) लावून खेळायचाच आहे. पावसाने भिजलेल्या रस्त्यावर निऑनचा उजेड कसा पसरतो ते व्हिडिओत पाहिलंय, स्वतःच्या पडद्यावर पाहायचंय. ३०७० वर तो नुसता स्लाइडशो होतो.

दोन दिवाळ्यांचा बोनस बाजूला ठेवलाय, साधारण सव्वा लाख. इथल्या दुकानदाराने सरळ सांगितलं, "५०८० टाका, सगळे प्रश्न मिटतील." मावसभाऊ न्यू जर्सीहून पुढच्या महिन्यात येतोय, तोही कार्ड आणायला तयार आहे. एवढा पैसा मी यावर पुन्हा पाच-सहा वर्षं घालणार नाही, त्यामुळे चुकायची भीती वाटते. ५०८० घ्यावं, त्याच्या एक पायरी खालचं ५०७० टीआय घ्यावं की थांबावं? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

सातासमुद्रापार

अमेरिकेतून आणण्याबद्दल एवढंच सांगतो. इथे अमेरिकेत ५०८० ची जाहीर किंमत ९९९ डॉलर असली तरी त्यात सेल्स टॅक्स धरलेला नसतो, तो बिलावर वेगळा लागतो. बऱ्याच मॉडेलांचा भाव जाहीर किमतीच्या वर असतो ते निराळंच. मुख्य मुद्दा वॉरंटीचा. अनेक कंपन्यांची वॉरंटी जिथे कार्ड विकलं त्या देशापुरतीच असते. लाखाची वस्तू दीड वर्षात बंद पडली तर ती परत इकडे पाठवणार कोण? मी भावासाठी एकदा कार्ड नेलं होतं, पंखा बिघडला तेव्हा दोन्हीकडच्या सर्व्हिस सेंटरांनी हात वर केले. कंपनीकडून लेखी उत्तर घेतल्याशिवाय हा मार्ग धरू नका. भारतातलं जीएसटीचं पक्कं बिल लाखमोलाचं आहे.

घाटमाथा

दादा, दुकानदाराचं "सगळे प्रश्न मिटतील" हे वाक्य मला पटत नाही. तुम्ही दोन गेमची जी लक्षणं लिहिली आहेत ती दोन वेगळ्या दुखण्यांची आहेत. औषध ठरवायच्या आधी तपासणी करू.

आफ्टरबर्नर हा कार्डावर नजर ठेवणारा प्रोग्राम टाका आणि खेळताना पडद्याच्या कोपऱ्यात चार गोष्टी दिसू द्या: कार्डाचा वापर टक्क्यांत, व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी), प्रोसेसरच्या प्रत्येक कोअरचा वापर आणि एक टक्का लो (सर्वांत संथ एक टक्का फ्रेमचा एफपीएस). सरासरी एफपीएसवर जाऊ नका, झटके त्यात लपतात.

मग सायबरपंकमध्ये त्याच बाजारात उभे राहा. आधी १४४०पी वर आकडा लिहून घ्या, मग रिझोल्यूशन १०८०पी करा, बाकी काही बदलू नका. १४४०पी म्हणजे जवळपास ३७ लाख पिक्सेल, १०८०पी म्हणजे पावणे एकवीस लाख. कार्डाचं ओझं एवढं उतरल्यावर एफपीएस टणकन वर गेला तर कार्ड कमी पडत होतं. आकडा तिथेच राहिला तर अडवणारा प्रोसेसर आहे, आणि मग ५०८० लावा की ५०९० लावा, बाजारातले झटके तसेच राहतील. प्रत्येक फ्रेममध्ये काय काढायचं याची यादी प्रोसेसर कार्डाला देतो. यादीच उशिरा आली तर कार्ड हात बांधून बसतं.

रायझन ३६०० बद्दल आणखी एक. तो सहा कोअरचा असला तरी आत तीन-तीन कोअरचे दोन गट आहेत आणि एल३ कॅशही (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) १६-१६ एमबी अशी वाटलेली आहे. एका गटातल्या कोअरला दुसऱ्या गटातली माहिती हवी असली की वळसा पडतो. ५००० मालिकेत एएमडीने ही भिंत काढली, आठही कोअरना मिळून ३२ एमबी. ५८००एक्स३डी मध्ये तर ९६ एमबी. गर्दीच्या गेममध्ये फरक पडतो तो इथे. आणि हे सगळे तुमच्याच बी४५० वर बसतात.

टास्क मॅनेजर उघडून रॅमचा वेगही बघा. तो आकडाही इथे लिहा.

कुंचला

मी पुण्यात थ्रीडीचं काम करते, गेम कमी खेळते, पण व्हीरॅम संपणं म्हणजे काय ते रोज बघते. तुमचा इंडियाना जोन्सचा त्रास मला तोच वाटतो. ३०७० ची स्वतःची मेमरी सेकंदाला ४४८ जीबी माहिती पुरवते. ८ जीबी भरले की उरलेलं टेक्श्चर (पृष्ठभागांवरची चित्रं) साध्या रॅममधून पीसीआयच्या वाटेने आणावं लागतं, आणि तुमच्या बोर्डावरची ती वाट ३.० ची, म्हणजे सेकंदाला जेमतेम १६ जीबी. हमरस्त्यावरून एकदम पायवाट. तिथे अर्धा सेकंद थिजणारच.

त्या गेमच्या सेटिंगमध्ये टेक्श्चर पूल नावाचा पर्याय आहे, तो दोन पायऱ्या खाली आणून बघा. गेम सुरळीत झाला तर निदान पक्कं.

कार्ड घ्यायचंच ठरलं तर माझ्या मते १६ जीबीच्या खाली येऊ नका. ५०८० आणि ५०७० टीआय दोन्हींत १६ च आहेत, चिपही एकच, फक्त ५०८० मध्ये १०,७५२ कूडा कोअर (कार्डातले गणना करणारे भाग) चालू आणि ५०७० टीआय मध्ये ८,९६०. प्रत्यक्ष वेगातला फरक साधारण पंधरा टक्क्यांच्या आसपास येतो. २०२५ मध्ये आले तेव्हा भारतातल्या जाहीर किमती १,०७,००० आणि ८०,००० होत्या. पंधरा टक्के वेगासाठी तेहतीस-चौतीस टक्के जास्त पैसे! माझं पोट रेंडरिंगवर आहे, तरी मी ५०७० टीआय घेतलं.

एएमडीचं ९०७० एक्सटी सुद्धा १६ जीबीचं आहे आणि साध्या रेंडरिंगमध्ये टीआयच्या जवळ जातं. पण तुमचा जीव पाथ ट्रेसिंगवर आहे आणि तिथे ते मागे पडतं. पाथ ट्रेसिंग नको असतं तर मी तेच सुचवलं असतं.

रात्रपाळी

ताई, दादा, मनापासून आभार. शनिवारी रात्री सगळं मोजलं.

सायबरपंक, बाजार, १४४०पी, रे ट्रेसिंग बंद, डीएलएसएस (कमी रिझोल्यूशनचं चित्र एआयने मोठं करणारी सोय) क्वालिटीवर: सरासरी ७२, एक टक्का लो ४१, कार्डाचा वापर ६८ टक्के. १०८०पी केल्यावर सरासरी ७४, कार्ड ४९ टक्के. म्हणजे आकडा हललाच नाही.

इंडियाना जोन्समध्ये कार्ड ९८ टक्के, व्हीरॅम ७.७ जीबी. टेक्श्चर पूल खाली आणला तर तेच दालन तीनदा ओलांडलं, एकदाही थिजलं नाही. लांबच्या भिंतींवरचं कोरीवकाम मात्र मेणासारखं दिसायला लागलं.

आणि रॅम. रॅम ३२०० ची आहे, टास्क मॅनेजर २१३३ दाखवतोय! मी स्वतः २०२१ मध्ये एक्सएमपी (रॅम तिच्या छापील वेगाने चालवणारं सेटिंग) चालू केलं होतं, पक्कं आठवतंय. हे कशामुळे झालं असेल?

घाटमाथा

मध्ये कधी बायोस (मदरबोर्डचं आतलं सॉफ्टवेअर) अपडेट केलं होतं का? त्यात सेटिंग मूळपदावर जातात, एक्सएमपी बंद होतं आणि कोणी सांगत नाही. रायझनमध्ये आतला दुवा रॅमच्या वेगाशी बांधलेला असतो, त्यामुळे २१३३ वर नुसती रॅमच नाही, सगळा प्रोसेसर मंदावतो. बायोसमध्ये जाऊन आत्ता चालू करा आणि तीच चाचणी पुन्हा घ्या.

रात्रपाळी

हो, विंडोज ११ टाकताना बायोस अपडेट केलं होतं. म्हणजे इतके महिने मी तसाच खेळत होतो.

३२०० केल्यावर त्याच बाजारात सरासरी ८३, एक टक्का लो ५२. खिशातला एक रुपया न जाता. कार्डाचा वापर ७८ टक्के, म्हणजे प्रोसेसर अजूनही अडवतोच आहे, पण झटके निम्म्याने कमी वाटतात.

आता विचार असा बदललाय: आधी प्रोसेसर, मग ५०७० टीआय. पूर्ण नवा संच, म्हणजे एएम५ चा नवा बोर्ड-प्रोसेसर आणि डीडीआर५ रॅम, यावर जाऊ का हाही प्रश्न मनात आहे.

घाटमाथा

सध्या नको. २०२५ च्या अखेरीपासून एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीचा माल उचलायला सुरुवात केली आणि डीडीआर५ चे भाव कुठल्या कुठे गेले. मायक्रॉनने तर क्रूशल हा ग्राहकांचा ब्रँडच गुंडाळायचं जाहीर केलं. तुमच्याकडे चालू बोर्ड आहे, चालू रॅम आहे, तीच चालवा. ५७००एक्स घ्या: आठ कोअर, ६५ वॅट, तुमचा कूलर पुरेल. एक्स३डी वाला नवा किंवा खात्रीचा जुना मिळाला तर उत्तमच, पण मायनसपॉइंट असा की दुकानांत आता क्वचित दिसतो आणि जुना विकणारे भाव सोडत नाहीत. त्याच्यासाठी सहा महिने वाट बघू नका.

पॉवर सप्लायचंही गणित करा. ५०८० ला कंपनी ८५० वॅट सुचवते, ५०७० टीआयला ७५०. तुमचा ६५० चा, पाच वर्षं वापरलेला. ५०७० टीआय एकटं ३०० वॅटपर्यंत खातं, ३०७० ला २२० होते. एवढं महागडं कार्ड जुन्या सप्लायवर मी तरी लावणार नाही. नवा घेताना कार्डाला वीज देणारी १२व्ही-२x६ ची केबल सोबत असलेला घ्या आणि ती कनेक्टरात पूर्ण, शेवटपर्यंत बसली आहे हे टॉर्च लावून बघा. आधीच्या ४०९० कार्डाच्या वेळी कनेक्टर वितळल्याचे जे प्रकार झाले, त्यांत अर्धवट बसलेली केबल हे मोठं कारण निघालं.

यूपीएस कुठला आहे?

रात्रपाळी

६०० व्हीएचा. पावसाळ्यात आमच्याकडे वीज वरचेवर जाते म्हणून घेतला होता.

घाटमाथा

तो ३६० वॅटचा असणार. नव्या कार्डावर भर खेळात वीज गेली तर तो ओझं पेलणार नाही, पीसी धाडकन बंद होईल. सव्वा लाखातून हाही खर्च धरा. ५०८० घेतलं असतं तर यासाठी पैसेच उरले नसते.

कुंचला

एक सांगायचं राहिलं. ५० मालिकेच्या जाहिरातीत मल्टी फ्रेम जनरेशनचे मोठमोठे आकडे दिसतील. ते एका खऱ्या फ्रेममागे अनेक कृत्रिम फ्रेम तयार करून मध्ये घालतं. चित्र गुळगुळीत दिसतं, मी नाकारत नाही, पण हाताला जाणवणारा प्रतिसाद खऱ्या फ्रेमचाच असतो. खाली ५०-६० खरे फ्रेम असतील तर मजा येते, ३० असतील तर पाण्यातून चालल्यासारखं वाटतं. म्हणून प्रोसेसर आधी, हा क्रम बरोबर आहे. आणि डीएलएसएसचं नवं ट्रान्सफॉर्मर मॉडेल तुमच्या ३०७० वरही चालतं. कार्ड येईपर्यंत ते लावून बघा, क्वालिटीऐवजी बॅलन्स्डवरही चित्र बरंच टिकतं.

कॅबिनेटची आतली लांबीही मोजा. माझं कार्ड ३०० मिलिमीटरच्या वर आहे, पुढचा एक पंखा काढावा लागला.

रात्रपाळी

मोजली, ३३० मिळतात.

५७००एक्स मागवला, गुरुवारी येतोय. मावसभावाला नको म्हणून कळवलं. कार्ड आणि ७५० वॅटचा सप्लाय प्रोसेसर बसवून महिनाभर मोजमाप केल्यावर इथूनच घेणार, पक्क्या बिलावर. पाथ ट्रेसिंगचा पहिला फोटो याच धाग्यावर टाकेन.

शेवटचा प्रश्न: जुना प्रोसेसर काढून नवा बसवला की झालं, की आधी काही करावं लागतं?

घाटमाथा

क्रम नीट पाळा. आधी जुना ३६०० जागेवर असतानाच बायोस ५००० मालिकेला चालणाऱ्या आवृत्तीवर न्या. नवा बसवल्यावर पडदा काळा राहिला तर पुन्हा जुना बसवायची खटपट होते. अपडेट चालू असताना वीज जायला नको, यूपीएस जोडलेला ठेवा. विंडोजमध्ये बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून घ्या, प्रोसेसर बदलला की ती मागितली जाते आणि तेव्हा शोधाशोध करायला पीसीच चालू नसतो. कूलर काढताना आधी दहा मिनिटं गेम चालवून प्रोसेसर आणि कूलरमधली पेस्ट गरम करा आणि गोल फिरवत काढा, सरळ ओढला तर तुमच्या बोर्डासारख्या एएम४ सॉकेटचा प्रोसेसर सॉकेटमधून उपसून येतो आणि पिना वाकतात.

आणि बायोस अपडेट केल्यावर एक्सएमपी पुन्हा बंद झालेलं असेल. ते आठवणीने चालू करा.