कार्डाचं कर्ज फिटलं, आता घर कसं चालवायचं?

अनघा_चिंचवड

नमस्कार. मार्चमध्ये आमच्या दोन्ही क्रेडिट कार्डांची थकबाकी संपली. दोघांचे पगार मिळून हातात ७८ हजार येतात, त्यातले २६ हजार घराच्या हप्त्याला जातात. घरात आम्ही दोघं, सासूबाई आणि सातवीतली मुलगी.

कर्ज होतं तोवर एक बरं होतं, जो पैसा येईल तो तिकडे भरायचा, विचारच करायचा नाही. आता महिनाअखेरीला चार पैसे उरायला लागलेत आणि हात शिवशिवायला लागलेत. रात्री आवराआवर झाली की मोबाइल घेऊन कुर्ते, डबे, पडदे बघत बसते. दहा मिनिटांत घरपोच येणाऱ्या सामानाची सवय तर फारच लागली होती. कोथिंबीर मागवायची आणि सोबत तीनशेचं काहीबाही यायचं. ते अ‍ॅप काढून टाकलंय. पण सासूबाईंना जी काटकसर सहज जमते ती मला प्रत्येक वेळी मन मारून करावी लागते, आणि असं किती दिवस टिकणार? परवा लेकीने विचारलं, "आई, आपण गरीब झालोय का?" मला पटकन उत्तर सुचलं नाही.

गुंतवणुकीचे सल्ले नकोत, ते आम्ही बघतोय. ज्यांनी यातून बाहेर पडून घर नीट लावलंय त्यांनी घरातलं सांगा. किराणा, स्वयंपाक, वस्तू, आणि ही खरेदीची सवय.

---

दिगंबर, डोंबिवली

अनघाताई, सगळ्यात आधी अभिनंदन. कार्डाची थकबाकी पूर्ण फेडणं म्हणजे काय असतं ते ज्याने केलंय त्यालाच कळतं. आमच्याकडे १ लाख ४० हजार होती. महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे नुसतं व्याज ४,९००, त्यावर १८ टक्के जीएसटीचे ८८२. जुनी बाकी असताना नव्या खरेदीला बिनव्याजी मुदतही मिळत नाही, म्हणजे कार्डावर आणलेल्या दुधाच्या पिशवीलासुद्धा पहिल्या दिवसापासून व्याज. हे गणित वहीत मांडलं त्या दिवशी बायको आणि मी रात्री दोनपर्यंत जागे होतो.

तुमचा प्रश्न मन मारण्याचा आहे, म्हणून तिथूनच सुरू करतो. माझं ठाम मत आहे की "खरेदी करायची नाही" एवढ्यावर कोणाचं घर चालत नाही. ज्या हाताला मागवायची सवय लागली त्याला दुसरं काम द्यावं लागतं. आमच्याकडे ते काम ठरलं, घरात जे आहे ते शोधून संपवायचं.

एका रविवारी स्वयंपाकघरातलं सगळं खाली काढून जमिनीवर मांडलं. चार फोडलेले रव्याचे पुडे, तीन प्रकारचे पास्ते, कोणीतरी दिलेला अर्धा किलो राजगिरा, जवसाच्या बियांची पाकिटं, तळाशी चिकटलेला गूळ. कालनिर्णयच्या जुन्या पानांची पाठ घेऊन त्यावर यादी केली आणि फ्रीजच्या दाराला लावली. जे संपलं ते खोडायचं. त्या महिन्यात आम्ही डाळ, तेल, दूध आणि भाजीशिवाय काहीही आणलं नाही. रव्याचे लाडू झाले, राजगिऱ्याच्या पोळ्या झाल्या, पास्ता मुलांनी आनंदाने खाल्ला. मजा अशी की मागवताना जो उत्साह यायचा तोच उत्साह यादीतली ओळ खोडताना यायला लागला. आजही पिशवी उचलण्याआधी ती यादी वाचायची, हा आमच्या घरचा नियम आहे.

पैशांचं असं केलं. पगाराच्या खात्यातून घरखर्चाचे १४ हजार रोख काढतो. आठवड्याला साडेतीन हजार, चार पाकिटं. किराणा, भाजी, दूध, रिक्षा, इस्त्री, सगळं त्यातून. आठवडा शनिवारी सुरू होतो, कारण भाजीबाजार शनिवारी करतो. शुक्रवारी पाकीट रिकामं असेल तर पिठलं-भाकरी. यूपीआयने पैसे जातात तेव्हा जातायत हे जाणवतच नाही. पाचशेची नोट मोडताना जाणवतं. फोनमध्ये यूपीआयचे ऑटोपे मँडेट, म्हणजे आपोआप पैसे कापायला आपण दिलेल्या परवानग्या, त्याही एकदा उघडून बघा. आमच्याकडे एका संगीताच्या अ‍ॅपचे आणि एका गेमचे पैसे महिन्यामागून महिने कापले जात होते, दोन्ही तिथूनच बंद करता आले. आणि खरेदीच्या संकेतस्थळांवर साठवलेलं कार्ड काढून टाका. दर वेळी उठून पाकीट आणून सोळा आकडे भरायचे म्हटलं की रात्री अकराची निम्मी खरेदी तिथेच थांबते.

स्वयंपाक. मी स्वतः करतो, म्हणून अधिकाराने लिहितो. भाजी घेताना तिचं काय काय होणार हे डोक्यात असलं पाहिजे. उदाहरणार्थ दोडका. शिरा काढतो त्या फेकायच्या नाहीत. शिरा बारीक चिरून लोखंडी तव्यावर चमचाभर तेलात मंद आचेवर ठेवायच्या. आधी त्या मऊ पडतात, मग पाणी सुटून आटतं, आणि धीर धरला तर दहा-बारा मिनिटांनी कडा तपकिरी होऊन चमच्याला खरखर लागायला लागतात. तोवर थांबायचंच, नाहीतर चटणी ओलसर होते. मग तीळ, किसलेलं सुकं खोबरं, लसणाच्या चार पाकळ्या, लाल तिखट, मीठ. खलबत्त्यात जाडसर कुटली तर उत्तम. आठवडाभर डब्यात टिकते आणि आमटीभाताला दुसरं काही लागत नाही. फ्लॉवरच्या कोवळ्या पानांची आणि दांड्यांची डाळ घालून भाजी, कोथिंबिरीचे देठ वाटणात, कलिंगडाचा पांढरा भाग किसून थालिपिठात. आदल्या दिवशीच्या पोळ्यांचा कुस्करा आमच्याकडे मुलं मागून खातात, भरपूर कांदा आणि वरून लिंबू हवं. ताक आंबट झालं की कढी, फार आंबट झालं की ढोकळ्याचं पीठ भिजवायला.

विजेचं बिल महावितरणच्या टप्प्यांनी येतं. पहिल्या १०० युनिटपर्यंत दर कमी, १०१ ते ३०० ला बराच जास्त, तीनशेच्या पुढे आणखी. आमचा उन्हाळ्यातला आकडा तीनशेच्या आसपास घुटमळायचा, म्हणून महिन्याच्या मध्यात मीटर वाचायला लागलो. दोन हजार वॅटचा गिझर अर्धा तास चालला की एक युनिट. चौघांच्या आंघोळी पाठोपाठ उरकल्या की तो एकदाच तापतो. पंखे जुने होते ते एकेक करून कमी वीज खाणारे बीएलडीसी घेतले, ७५ वॅटच्या जागी तिशीच्या आसपास. ही खरेदीच आहे, पण विचार करून केलेली.

वस्तूंबद्दल एकच सांगतो. मिक्सर घरघरून पातं फिरेनासं झालं तेव्हा नवा घ्यायचं जवळपास ठरलं होतं. उलटा करून बघितला तर खालचा प्लास्टिकचा कपलर झिजला होता. स्टेशनजवळच्या दुरुस्तीवाल्याने पन्नास-साठ रुपयांत बसवून दिला. कुकरची शिट्टी होईना तर आधी गॅस्केट बदला, नव्या कुकरचं नंतर बघा.

आणि जिथे हात आखडायचा नाही तेही लिहितो, कारण नवखा माणूस भलतीकडेच कापायला जातो. आरोग्य विम्याचा हप्ता, मुलांची फळं, घरकामाला येणाऱ्या मावशींचा पगार आणि त्यांचा दिवाळीचा बोनस. आपली घडी बसवायला दुसऱ्याचा पगार कापायचा नाही.

---

रेवती_नाशिक

दिगंबरदादांचं सगळं पटलं, फक्त एक गोष्ट जोडते. शिरा परतायच्या, कुटायच्या, रोख पाकिटांचा हिशेब ठेवायचा, या सगळ्याला वेळ लागतो. तुमच्याकडे तो वेळ तुम्ही देता, फार चांगलं. पण बहुतेक घरांत "आजपासून काटकसर" असं ठरतं दोघांचं आणि ओट्याशी उभी राहते एकटी बाई. मी हे माझ्या माहेरी बघितलंय. बाबांनी हॉटेलात खाणं बंद केलं, त्याचं कौतुक त्यांना मिळालं, आणि संध्याकाळचा नाश्ता आईच्या माथी आला.

अनघा, म्हणून आधी कामं वाटून घे. आमच्याकडे बाजार नवऱ्याकडे, वर्षाचे गहू निवडणं सगळ्यांनी मिळून, आणि बुधवारी रात्रीचा स्वयंपाक मुलाचा, तो नववीत आहे. खिचडी, कढी, पापड एवढंच करतो, पण ते पूर्णपणे त्याचं. ज्या दिवशी दोघं दमून येता त्या दिवशी बाहेरून मागवावंसं वाटतं ते चैनीसाठी नाही, थकव्यामुळे. त्यावर आधीच सोय करून ठेव. मी भाजणी करून ठेवते आणि भिजवलेले छोले, राजमा उकडून पाण्यासकट डब्यांत फ्रीझरला टाकते. वीस मिनिटांत ताट तयार होतं.

खरेदीच्या ओढीसाठी आमच्याकडे कपाटाच्या आतल्या बाजूला कागद आहे. हवीशी वाटलेली वस्तू त्यावर तारीख घालून लिहायची आणि पुढचा पगार झाल्यावरच त्या कागदाकडे बघायचं. बऱ्याच वस्तू आपण का लिहिल्या तेच आठवत नाही. जी आठवते ती मी खरंच घेते, आणि आनंदाने घेते.

---

वसुधाकाकू, सांगली

अनघा, मुलीच्या प्रश्नाचं उत्तर तिला हिशेब दाखवून दे. सातवीतल्या पोरीला टक्केवारी येते. ७८ हजार कुठून आले, २६ कुठे गेले, तिच्या शाळेला किती, आजीच्या औषधांना किती, तिच्याकडूनच वहीत लिहून घे. लपवलेल्या गोष्टीची मुलांना भीती वाटते. माझ्या नातवाला मी पोस्टात आरडी काढून दिलीय, महिन्याला १०० रुपयांपासून निघते, पाच वर्षांची. त्याचे वाढदिवसाचे पैसे त्यातच जातात आणि पासबुक तो स्वतः सांभाळतो.

सासूबाईंना जमतं म्हणतेस, तर त्यांच्याकडून एखादं काम शिकून घे. जुन्या सुती साड्या असतील तर गोधडी घाला. नऊवारी साधारण सव्वाआठ मीटर भरते, तिची चौपदरी घडी घातली की बरोबर अंथरुणाची लांबी येते. मधल्या थरांना विरलेली लुगडी, चादरी काहीही चालतं, वरखाली मात्र धड कापड हवं. चारही कडा आधी मोठ्या टाक्यांनी टाचून घ्यायच्या, नाहीतर आतलं कापड सरकून गोळा होतं. मग कडेकडेने धावदोरा घालत मध्यात यायचं. रोज रात्री मालिका बघताना हातभर शिवलीत तरी थंडीच्या आत पुरी होईल. रात्रीच्या मोबाइलच्या वेळेला हाताला काम मिळेल, आणि सासू-सुनेच्या गप्पाही होतील.

---

अनघा_चिंचवड

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री लेकीला घेऊन वही केली. तिने सगळ्यात आधी काय विचारलं असेल तर, "बाबांच्या गाडीच्या पेट्रोलला एवढे?" आता बाबा आठवड्यातून दोनदा कंपनीच्या बसने जाणार आहेत, हा निर्णय तिनेच जाहीर केला. रेवती, बुधवारसारखा एक दिवस आम्हीही ठरवतोय, शनिवारची रात्र नवऱ्याची.

दिगंबरदादा, तुमचं वाचून आज मीही सगळे डबे खाली काढले. सेलमध्ये घेतलेला दहा किलो तांदूळ सापडला, कोलम आहे, पण त्यात टोके झालेत. रवाही थोडा जाळी धरल्यासारखा वाटतोय. हे टाकून द्यावं का? तांदूळ कडक उन्हात घालू का?

---

वसुधाकाकू, सांगली

तांदूळ अजिबात टाकू नकोस, आणि उन्हातही घालू नकोस. कडक उन्हाने दाणा तडकतो आणि भात शिजताना त्याची कणी होते. वर्तमानपत्रावर पातळ पसरून सावलीत, वाऱ्याला ठेव. टोके आपणहून कडेला पळतात. दोन-तीन तासांनी चाळून, पाखडून घे. डबा धुऊन कडकडीत वाळव, एक थेंबही ओल राहता कामा नये. मग तांदूळ भरताना मधेमधे वाळलेला कडुनिंबाचा पाला घाल. दोन-चार किलो काढून धुऊन, सावलीत वाळवून भाकरीला दळून आण, म्हणजे साठाही लवकर कमी होईल.

डाळी आणि गहू मात्र उन्हातच घालायचे. रव्याला खरंच जाळी धरली असेल, वासही बदलला असेल, तर तो टाक, त्यात जीव अडकवू नकोस. नुसती शंका असेल तर चाळून बघ, स्वच्छ निघाला तर कोरडाच मंद आचेवर भाज, पूर्ण गार झाल्यावर बरणीत भर. सकाळच्या उपम्याला तोच वापर. पुढच्या वेळी रवा अर्धा किलोच आणायचा.